पोहोच वाढली, मालकीचे काय?

१८ मार्च २०२३ रोजी, शनिवारी भर दुपारी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरागृहात रिचर्ड वाग्नर यांच्या ‘लोहेनग्रिन’चा प्रयोग सुरू झाला. त्या वेळी प्रेक्षागृहातील सुमारे ३,८०० जागांखेरीज जगभरच्या चित्रपटगृहांतील हजारो खुर्च्यांवरही त्याच प्रयोगाचे प्रेक्षक बसलेले होते. युरोपात तेव्हा संध्याकाळ झाली होती. एखाद्या लहानशा गावातील चित्रपटगृहात, जेथे आदल्या रात्री मारामारीचा चित्रपट दाखविला गेला असेल, तेथे ‘लोहेनग्रिन’चे ते अतितरल प्रास्ताविक वादन ऐकू येत होते. ‘मेट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने अशी थेट प्रक्षेपणे ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’पासून सुरू केली. पुढे ती सुमारे सत्तर देशांतील दोन हजारांहून अधिक चित्रपटगृहांपर्यंत पोहोचली. मुंबईत नरिमन पॉइंटवरील एनसीपीए या कलाकेंद्रातही या मालिकेतील प्रयोग पडद्यावर दाखविले गेले आहेत.

अशा घटनेकडे पाहण्याच्या दोन पद्धती डाव्या वर्तुळांत रूढ आहेत. पहिली तुच्छतेची. ऑपेरा हा युरोपातील सरदार-दरबाऱ्यांचा व नंतर बड्या भांडवलदारांचा शौक. तो पडद्यावर दिसला काय आणि रंगमंचावर दिसला काय, श्रमिकांना त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, असे ही पद्धती मानते. दुसरी पद्धती भाबड्या स्वागताची. तंत्रज्ञानाने कला राजवाड्यातून चौकात आणली, आता कलेचे लोकशाहीकरण आपोआप होत राहील, अशी तिची समजूत असते. पहिली पद्धती कला आणि कलेचे मालक यांत भेद करीत नाही. दुसरी पद्धती पोहोच आणि मालकी यांत भेद करीत नाही. दोन्ही चुका सारख्याच महागात पडणाऱ्या आहेत, आणि ‘लोहेनग्रिन’ची जन्मकथा व पुढील इतिहास या दोन्ही चुकांवर जितका प्रकाश टाकतो तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या कलाकृतीचा टाकत असेल.

प्रथम कथानक. आपल्याकडील संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधून पदे येतात. ‘लोहेनग्रिन’मध्ये संवादही गायिले जातात आणि वाद्यवृंद क्षणभरही बाजूला होत नाही. काळ दहाव्या शतकाचा, स्थळ ब्राबांट प्रांतातील अँटवर्प. राजा हाइनरिश पूर्वेकडील हंगेरियनांविरुद्ध लढण्यासाठी सैन्य गोळा करावयास आला आहे. तेथे सरदार टेलरामुंड फिर्याद मांडतो की, प्रांताच्या तरुण वारसाचा खून त्याच्या बहिणीने, एल्झाने, केला. न्याय द्वंद्वयुद्धाने व्हावयाचा असतो आणि एल्झाच्या बाजूने लढावयास कोणी पुढे येत नाही. तेवढ्यात हंसाने ओढलेल्या नौकेतून एक अनोळखी वीर येतो. तो तिच्यासाठी लढेल, तिच्याशी विवाहही करील, अट एकच. त्याचे नाव काय, कूळ कोणते, तो आला कोठून, हे तिने कधीही विचारावयाचे नाही. टेलरामुंडची पत्नी ओर्ट्रूड एल्झाच्या मनात संशयाचे बीज पेरते आणि विवाहाच्या रात्रीच एल्झा तो प्रश्न विचारते. वीर आपले नाव सांगतो आणि निघून जातो. जाताना हंसाच्या जागी एल्झाचा हरवलेला भाऊ प्रकट होतो, पण एल्झा तेथेच कोसळते.

हे कथानक पहिल्या प्रथम रंगभूमीवर आले ते २८ ऑगस्ट १८५० रोजी, वायमार येथे, फ्रांझ लिस्टच्या संचालनाखाली. त्या रात्री ‘लोहेनग्रिन’चा निर्माता प्रेक्षागृहात नव्हता, जर्मनीतच नव्हता. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेसडेनमध्ये झालेल्या उठावात वाग्नर यांनी भाग घेतला होता. सॅक्सनीच्या राजाच्या दरबारी ऑपेरागृहाचा हा पगारी संचालक बाकुनिनच्या सहवासात वावरत होता. उठाव चिरडला गेला, वाग्नर यांच्या नावाने अटकेचे वॉरंट निघाले आणि ते लिस्टच्या मदतीने स्वित्झर्लंडमध्ये पळाले. ‘लोहेनग्रिन’च्या पहिल्या रात्री ते ल्युसर्नमध्ये होते. आता पहिला अंक उघडला असेल, आता दुसरा, असा घड्याळाकडे पाहत ते आपल्याच कृतीचा मनातल्या मनात अंदाज घेत बसले होते. पूर्ण ‘लोहेनग्रिन’ त्यांच्या कानांवर पडला तो मे १८६१ मध्ये, व्हिएन्नात. म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर पावणेअकरा वर्षांनी. दूरच्या प्रेक्षकाला प्रयोग त्याच क्षणी दिसावा ही सोय ज्याला सर्वांत अधिक हवी होती, तो या ऑपेराचा कर्ताच होता.

हा झाला अंतराचा प्रश्न. परंतु हद्दपारीच्या त्या वर्षांत वाग्नर यांना अंतरापेक्षा दुसरा प्रश्न अधिक सतावीत होता, आणि तो सरळसरळ आर्थिक होता. १८४९ मध्येच लिहिलेल्या ‘कला आणि क्रांती’ या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, रंगभूमी जोवर धंदा आहे तोवर ती कला होऊ शकत नाही. राज्याने आणि समाजाने तिला तिकीटविक्रीच्या दास्यातून सोडवावे आणि प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य असावा. १८५० साली एका मित्राला लिहिताना त्यांनी आणखी पुढची मजल मारली: लाकडी नाट्यगृह उभारावे, येईल त्याला फुकट प्रवेश द्यावा, तीन प्रयोग व्हावेत, मग नाट्यगृह मोडून टाकावे आणि संगीताची वहीही जाळून टाकावी. यातील तरुण अतिरेक सोडून दिला तरी गाभा उरतोच. कलाकृती ही विक्रीची वस्तू नसावी, हा तो गाभा होय.

पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग वयाच्या पंधराव्या वर्षी ‘लोहेनग्रिन’ पाहून भारावला होता. गादीवर येताच, १८६४ मध्ये, तो वाग्नर यांचा आश्रयदाता बनला. बायरॉइटचे नाट्यगृह १८७६ मध्ये उघडले ते तीनशे थालरच्या आश्रयदाता-प्रमाणपत्रांच्या विक्रीतून आणि राजाच्या कर्जातून. पहिल्याच महोत्सवात सुमारे १,४८,००० मार्कांची तूट आली. विनामूल्य प्रवेशाच्या स्वप्नातून जे मंदिर उभे राहिले त्याच्या पायऱ्यांवर सम्राट आणि बँकवाले चढले. याला केवळ वाग्नर यांचा विश्वासघात म्हणून भागणार नाही. खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाला त्यांच्या क्रांतिकारक निबंधात ‘समाजाने’ एवढेच उत्तर होते. तो समाज कोणत्या संघटनेच्या रूपाने तिजोरी उघडील, हे त्यात सांगितलेले नव्हते. संघटना नसली की ‘समाज’ या शब्दाची जागा राजा घेतो.

दुसरा एक डागही येथेच नोंदविला पाहिजे. ‘लोहेनग्रिन’चा पहिला प्रयोग झाला त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर १८५० मध्ये, वाग्नर यांनी टोपणनावाने ‘संगीतातील ज्यूपणा’ हा द्वेषपूर्ण निबंध प्रसिद्ध केला आणि १८६९ मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. धनसत्तेविरुद्धचा राग एका जमातीवर वळविण्याची ही खोड युरोपच्या राजकारणात पुढे किती भयंकर ठरली हे समाजवाद्यांना सांगावयास नको. बॅरिकेडवरचा माणूस आणि हा निबंध लिहिणारा माणूस एकच होता. सोयीसाठी त्यातील एकाला विसरून चालत नाही.

आता प्रक्षेपणाकडे वळू. ऑपेरा घराबाहेर नेण्याचे प्रयत्न चित्रपटाहूनही जुने आहेत. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात टेलिफोनच्या तारांवरून ऑपेरा ऐकविण्यात आला होता. मेटने १९३१ च्या नाताळात ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’पासून रेडिओवरून नियमित प्रक्षेपणे आरंभिली आणि १९४० पासून २००४ पर्यंत त्यांचा प्रायोजक टेक्साको ही तेलकंपनी होती. ११ डिसेंबर १९५२ रोजी ‘कार्मेन’चा प्रयोग बंदिस्त दूरचित्रवाणी वाहिनीने अमेरिकेतील सुमारे तीस चित्रपटगृहांत दाखविला गेला. तेव्हा २००६ ची कल्पना नवी नव्हे. नवीन होते ते उपग्रह, उत्तम प्रतीचे चित्र व ध्वनी, आणि जागतिक वितरणाचे जाळे.

यामागील अर्थशास्त्र पाहू. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, कारखान्यात यंत्राच्या साहाय्याने दर कामगारामागे उत्पादन वाढत जाते, पण वाद्यवृंदात ते वाढू शकत नाही. एल्झाचे स्वप्नगीत म्हणावयास १८५० साली जितकी मिनिटे लागत तितकीच आजही लागतात. त्यासाठी एक गायिकाच लागते, अर्धी चालत नाही. मात्र वादकाला व गायिकेला जगावयाचे असते ते वाढत्या वेतनमानाच्या समाजात. म्हणून प्रयोगाचा खर्च सर्वसाधारण महागाईच्याही पुढे धावतो, तिकीटविक्रीतून तो निघत नाही, आणि तूट कायमची होते. ही तूट गैरव्यवस्थेची नव्हे, ती त्या श्रमाच्या स्वरूपातच आहे. ती भरून काढण्याचे मार्ग तीनच: धनिकांच्या देणग्या, सार्वजनिक अनुदान, किंवा कलावंतांच्या वेतनात कपात. जर्मनीत मुख्यतः दुसरा मार्ग पत्करला गेला. म्हणून त्या देशात सुमारे ऐंशी ऑपेरागृहे कायम नोकरीवरील कलावंतांसह चालतात. अमेरिकेने पहिला मार्ग पत्करला आणि अडचण आली की ती तिसऱ्याकडे वळते.

प्रक्षेपणाने बॉमॉल यांच्या कोंडीतून सुटका होते असे वाटते. एकदा प्रयोग उभा राहिला की दोन हजारावे चित्रपटगृह जोडण्याचा खर्च नगण्य असतो. येथे ‘लोहेनग्रिन’सारख्या प्रयोगाचा मूळ खर्च किती जडशीळ असतो हे ध्यानात घेतले पाहिजे. दिग्दर्शक फ्रांस्वा झिरार यांची ही निर्मिती मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहाच्या भागीदारीत व्हावयाची होती. मॉस्कोत तिचा पहिला प्रयोग झाला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच दिवशी. मेटने बोल्शोईशी संबंध तोडले आणि नेपथ्य स्वतः नव्याने बांधून घेतले. प्रचंड गायकवृंदाच्या अंगावरील गडद झग्यांना आतून लाल, हिरवे आणि पांढरे अस्तर होते. प्रसंगाप्रमाणे हे झगे उघडत-मिटत आणि सारा रंगमंच रंग पालटत असे. त्या गर्दीत पिओत्र बेचाला यांचा लोहेनग्रिन साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभा राहिला. मध्यंतरे धरून जवळजवळ पाच तासांचा हा खेळ. यातील एकही तास, एकही टाका, एकही खिळा प्रक्षेपणाने स्वस्त होत नाही. स्वस्त होते ती केवळ वाटणी.

आणि वाटणी तरी किती स्वस्त? अमेरिकेत या प्रक्षेपणाचे तिकीट वीस-पंचवीस डॉलरच्या घरात असते. मेटच्या सर्वांत वरच्या गॅलरीतील स्वस्त जागाही साधारण तेवढ्याच किंमतीला मिळू शकते. म्हणजे चित्रपटगृहातील प्रेक्षकाचा खरा लाभ तिकिटात नाही, प्रवासात आहे. न्यूयॉर्कला जाण्याचे विमानभाडे, हॉटेलचे बिल आणि बुडालेला रोज या तिन्हींची बचत होते. ही बचत क्षुल्लक नव्हे. लहान गावातील निवृत्त शिक्षिका, पायऱ्या चढू न शकणारा वृद्ध, शिकणारा विद्यार्थी, यांच्यासाठी अंतर हाच वर्गभेद असतो. प्रक्षेपणाला नाक मुरडणाऱ्या क्रांतिकारकाने एकदा या प्रेक्षकांच्या शेजारी बसून पाहावे. शिवाय कॅमेरा गायिकेच्या चेहऱ्याजवळ जातो. ओर्ट्रूडच्या कपाळावरील घाम गॅलरीतील गरीब प्रेक्षकाला कधीच दिसला नव्हता, तो येथे सर्वांना सारखा दिसतो.

तथापि या लाभाला दुसरी बाजू आहे. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’च्या अर्थशास्त्रावरील निबंधात असे दाखविले होते की, पुनरुत्पादनाचे तंत्र जितके स्वस्त तितका बाजार थोड्यांच्या हाती एकवटतो, गुणांतील फरक थोडा असला तरी उत्पन्नातील फरक अफाट होतो. जगातील उत्तम लोहेनग्रिन गावच्या चित्रपटगृहात मिळत असेल, तर जिल्ह्याच्या नाट्यगृहातील बऱ्यापैकी लोहेनग्रिन ऐकावयास कोण जाईल? आणि तो बऱ्यापैकी गायक जगला नाही तर उद्याचा उत्तम गायक येणार कोठून? मक्तेदारी ही पोलादाच्याच धंद्यात असते असे नाही.

या प्रक्षेपणांच्या मुळाशी एक घटना आहे, जी जाहिरातीत कधी येत नाही. २००६ मध्ये मेटचे नवे महाव्यवस्थापक पीटर गेल्ब यांनी वादक, गायक आणि रंगमंच-कामगार यांच्या संघटनांशी बोलणी केली. त्यापूर्वी प्रत्येक चित्रीकरणासाठी संघटना मोठी आगाऊ रक्कम घेत, त्यामुळे प्रक्षेपणे परवडत नसत. संघटनांनी ती रक्कम सोडली आणि बदल्यात उत्पन्नात वाटा घेतला. म्हणजे उपग्रह तर आकाशात होताच, परंतु पडदा उजळला तो कामगार संघटनांच्या संमतीने. धोका त्यांनी पत्करला. ‘तंत्रज्ञानाने ऑपेरा जनतेपर्यंत नेला’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे.

त्या संमतीचे पुढे काय झाले? १२ मार्च २०२० रोजी महामारीमुळे मेट बंद पडले. दोनच दिवसांनी वाग्नर यांच्याच ‘उडता डचमन’चे थेट प्रक्षेपण व्हावयाचे होते, ते रद्द झाले. १६ मार्चपासून मेटने आपल्या संग्रहातील जुनी चित्रणे रोज रात्री इंटरनेटवरून विनामूल्य दाखविण्यास प्रारंभ केला. घरात कोंडलेल्या जगाला त्या रात्रींनी दिलासा दिला, हे कोणीही मान्य करील. परंतु त्याच सुमारास, एप्रिलपासून, वादक व गायकवृंद यांना बिनपगारी रजेवर धाडण्यात आले. आरोग्यविमा चालू राहिला. पगार बंद झाला, तो वाद्यवृंदाला जवळजवळ वर्षभर मिळाला नाही. कित्येक वादकांनी न्यूयॉर्क सोडले. डिसेंबर २०२० मध्ये वेतनकपातीच्या वादावरून रंगमंच-कामगारांवर टाळेबंदी लादण्यात आली. एकीकडे वादकाचे काल केलेले श्रम रोज रात्री जगभर वाजत होते, दुसरीकडे तो वादक घरभाड्याची विवंचना करीत होता. मार्क्सने मृत श्रम आणि जिवंत श्रम असा जो भेद केला, त्याचे इतके ढळढळीत उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात शोधूनही मिळाले नसते. साठविलेले श्रम मालकाच्या कपाटात असतात. म्हणून वाटाघाटीच्या मेजावर मालक अधिक काळ थांबू शकतो. अखेर २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत तिन्ही मोठ्या संघटनांशी करार झाले आणि सप्टेंबरमध्ये पडदा पुन्हा वर गेला.

पैशाची तूट मात्र गेली नाही. ‘लोहेनग्रिन’च्याच हंगामात मेटने आपल्या कायम निधीतून ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम उचलण्याचे आणि पुढील हंगामात प्रयोगांची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटविण्याचे जाहीर केले. निधीतून पुढेही रक्कम उचलली गेली. थेट प्रक्षेपणे २०२२-२३ मध्ये दहा होती, २०२३-२४ मध्ये नऊ आणि २०२४-२५ मध्ये आठ. चित्रपटगृहांनी ऑपेरागृहाला तारले, ही समजूत या आकड्यांसमोर टिकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटने सौदी अरेबियाशी समझोता जाहीर केला: दरवर्षी हिवाळ्यात काही आठवडे तेथे प्रयोग करावयाचे आणि त्या बदल्यात मोठी रक्कम मिळवावयाची. तो व्यवहार पुढे कसा वळण घेतो हा निराळा विषय. परंतु येथे लोहेनग्रिनची अट आठवल्याखेरीज राहत नाही. हंसनौकेतून मदत येते; तिचे नाव विचारू नका, कूळ विचारू नका, ती कोठून आली ते विचारू नका.

मग उपाय काय, विनामूल्य प्रवेश? याही बाबतीत ‘लोहेनग्रिन’चा आणि बायरॉइटचा इतिहास सावध करणारा आहे. प्रश्न न विचारता तारणहारावर विश्वास ठेवावा ही या ऑपेरातील मागणी जर्मन हुकूमशाहीला फार मानवली. हाइनरिश मान यांनी ‘देअर उंटरटान’ या १९१८ च्या कादंबरीत आपल्या लाचार, राजनिष्ठ नायकाला मुद्दाम ‘लोहेनग्रिन’च्या प्रयोगाला बसवून त्याची यथेच्छ टर उडविली आहे. हिटलरने बाराव्या वर्षी लिंझमध्ये पाहिलेला पहिला ऑपेरा ‘लोहेनग्रिन’च होता, असे त्याने स्वतः नमूद केले. चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये (१९४०) हुकूमशहाला पृथ्वीच्या फुग्याशी खेळविले ते याच ऑपेराच्या प्रास्ताविक वादनावर. आणि १९३६ मध्ये, ऐतिहासिक राजा हाइनरिशच्या मृत्यूला हजार वर्षे झाली त्या वर्षी, बायरॉइटचा महोत्सव ‘लोहेनग्रिन’ने उघडला, हिटलर उपस्थित होता आणि १९ जुलैचा तो प्रयोग रेडिओवरून प्रक्षेपित झाला. पोहोच तेव्हाही वाढलीच होती.

त्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट युद्धकाळातील आहे. १९४० ते १९४४ या वर्षांत बायरॉइटला जखमी सैनिक आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगार खास गाड्यांनी आणले जात. त्यांना तिकीट पडत नसे. ते ‘फ्यूररचे पाहुणे’ असत. वाग्नर यांनी १८४९ मध्ये मागितलेला विनामूल्य प्रवेश बायरॉइटमध्ये अशा रीतीने प्रत्यक्षात आला. प्रेक्षक कामगार होते, प्रवेश फुकट होता, कलाकृती तीच होती. नव्हता तो फक्त त्या कामगारांचा अधिकार: काय पाहावयाचे, कोणी दाखवावयाचे, आणि आपल्या नावाने जे चालले आहे त्याला नकार द्यावयाचा की नाही.

याच्या उलट टोकाला एक प्रयोग उभा आहे, ज्याचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. १८९० मध्ये बर्लिनच्या समाजवादी कामगारांनी ‘फ्राय फोक्सब्यूने’, म्हणजे मुक्त लोकरंगभूमी, ही संस्था स्थापिली. सर्व सभासदांना वर्गणी सारखी, आणि जागा चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे पुढची रांग श्रीमंताची आणि मागची गरिबाची हा प्रकारच संपला. फ्रांझ मेहरिंगसारखा इतिहासकार काही काळ तिचा अध्यक्ष होता. या चळवळीच्या सभासदसंख्येच्या बळावर १९२७ मध्ये प्रशियाच्या राज्याने बर्लिनच्या क्रोल नाट्यगृहात ऑटो क्लेम्पेरर यांच्या नेतृत्वाखाली ऑपेरा सुरू केला. जागांचा मोठा वाटा लोकरंगभूमीच्या सभासदांसाठी राखलेला होता. १९२९ च्या जानेवारीत तेथे ‘उडता डचमन’ झाला तो रेशमी दंतकथेचा पोशाख उतरवून, साध्या खलाशांच्या वेषात. उजव्यांनी आकाशपाताळ एक केले. खरे सांगावयाचे तर कामगार सभासदांपैकीही अनेकांना ही नवी सजावट रुचली नव्हती. त्यांना पूर्वीचाच झगमगाट हवा होता. लोकांच्या हाती रंगभूमी आली की लोकांची अभिरुची लगेच क्रांतिकारक होते असे मानण्याचे कारण नाही. पण तो वाद सभासदांचा होता, पाहुण्यांचा नव्हता. १९३१ मध्ये काटकसरीच्या नावाखाली क्रोल बंद करण्यात आले. दोन वर्षांनी राइशस्टागची इमारत जळाल्यावर जर्मन संसद त्याच क्रोलमध्ये भरू लागली, आणि २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा त्याच छपराखाली संमत झाला. त्याविरुद्ध मत दिले ते फक्त समाजवादी लोकशाही पक्षाच्या सभासदांनी. कम्युनिस्टांना आधीच तुरुंगात किंवा भूमिगत व्हावे लागले होते.

तेव्हा चित्रपटगृहातील ‘लोहेनग्रिन’चे स्वागत अवश्य करावे, पण मोजमाप तीन पट्ट्यांनी घ्यावे: तो किती जणांपर्यंत पोहोचतो, त्यांना काय पडते, आणि त्याबाबतचे निर्णय कोण घेते. पहिल्या पट्टीवर २००६ नंतरची प्रगती निर्विवाद आहे, दुसऱ्या पट्टीवर ती अर्धीमुर्धी आहे आणि तिसऱ्या पट्टीवर जवळजवळ शून्य. बॉमॉल यांनी दाखविलेली तूट समाजाच्या तिजोरीतून भरली जावी. साठविलेल्या प्रयोगाच्या प्रत्येक पुनर्दर्शनाचा मोबदला तो घडविणाऱ्यांना मिळावा आणि टाळेबंदीच्या काळात तो थांबू नये. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा काही भाग लहान गावांतील गायकवृंदांवर खर्च व्हावा. यातील एकही मागणी अवास्तव नाही. जर्मनीने पहिली कित्येक दशके अमलात आणली आहे. दुसरीचे बीज २००६ च्या करारातच आहे.

प्रक्षेपणाच्या मध्यंतरात एक गोष्ट नेहमी घडते. चित्रपटगृहातील प्रेक्षक चहा-कॉफीसाठी उठतात तेव्हा पडद्यावर कॅमेरा पडद्यामागे गेलेला असतो. डोक्याला ध्वनियंत्रे लावलेली, काळ्या सदऱ्यातील माणसे अजस्र भिंती ढकलीत असतात, दोर ओढीत असतात, कोणी जमीन झाडीत असतो. न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहात महागडे तिकीट काढून बसलेल्याला हे दृश्य दिसत नाही. ते फक्त चित्रपटगृहातील प्रेक्षकाला दिसते. डिसेंबर २०२० मध्ये ज्यांच्या तोंडावर दार बंद झाले होते ती हीच माणसे. १५ मार्च २०२५ रोजी मेटने बीथोवेनचा ‘फिदेलिओ’ चित्रपटगृहांत पोहोचविला. त्यात राजकीय कैदी घटकाभर उजेडात येतात. १९२७ मध्ये बर्लिनच्या कामगार सभासदांसमोर क्रोलचा पडदा पहिल्यांदा वर गेला होता तो याच ऑपेराने.